सहा मिनिटांचा तास

परवा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एका बाईने मला गाठलं. तिच्या भाचीने आमच्या कॉलेजचा भूगोलाचा ऑनलाइन कोर्स केला होता म्हणे. "काय सुंदर शिकवलंय गं तुमच्याकडे! पोरगी जेवताना ताटातल्या भाताच्या ढिगावर चमच्याने रेघा मारून उतार दाखवते." मी हसले, हो हो म्हटलं, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. कोर्स सुंदर आहे हे मला कुणी सांगायला नको. तो होत होता तेव्हा फोन धरून धरून माझा हात आखडला होता. पण तो कुणी बनवला असं विचारा, तर आमच्या कॉलेजात हल्ली सगळे छताकडे बघतात. म्हणून मी सांगणार आहे. मी ग्लोरिया तुस्कानो, इथली ग्रंथपाल. निवृत्तीला आले आहे, आता मला कुणाला घाबरायचं कारण नाही. घाबरत नाही म्हणून माझ्याच्याने काही झालं, असं मात्र समजू नका.

कोर्स यमुनाने बनवला. यमुना राऊत, गिरीजची. तिच्या सासरची वाडी आणि आमची वाडी लागून आहे. त्यांच्या केळी, आमचे माड, मध्ये एक बांध. तो बांध दर वर्षी थोडा इकडे नाहीतर तिकडे सरकतो आणि त्यावरून भांडायचं काम तिचा नवरा जितेश आणि माझा भाऊ व्हॅलेरियन मन लावून करतात. आम्ही दोघी मात्र तिच्या स्कूटरवरून एकत्र कॉलेजला जायचो. मागे बसून मी तिला शिव्या घालायची, कारण ती स्कूटर चालवतानाही शिकवायची. "ग्लोरियाताई, बघा, रस्ता इथे किंचित उतरतोय. म्हणजे पावसाचं पाणी त्या बाजूला जाणार." मी म्हणायची, "बाई गं, पुढे टेम्पो आहे, तो कुठल्या बाजूला जाणार ते बघ आधी."

ती आमच्याकडे तासिका तत्त्वावर होती. बाहेरच्या माणसाला हा शब्द फार भारी वाटतो, तत्त्व वगैरे. अर्थ एवढाच, की वर्गात उभं राहून घेतलेला तास तेवढा मोजायचा. पेपर तपासले, सहलीला पोरं नेली, नापास झालेल्याच्या आईची समजूत काढली, ते सगळं हवेत. सुट्टी लागली की कायमचे शिक्षक सुट्टीवर जातात, तासिकावाले नोकरीबाहेर जातात. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि वर्षभर ज्यांच्याबरोबर चहा प्यायला तीच माणसं टेबलापलीकडे बसून विचारणार, "तुमचं नाव?" अकरा वर्षं यमुना दर जूनमध्ये आपलं नाव सांगत आली. स्टाफरूममध्ये तिला स्वतःची खुर्ची नव्हती, म्हणून ती माझ्याकडे ग्रंथालयात बसायची. आमची मैत्री अशी खुर्चीवरून झाली.

भूगोलाचे कायमचे सर निवृत्त झाले तेव्हा तिच्या मनात आशा उगवली. जागा रिकामी होती आणि विषयात यमुना एकटीच उरली होती. पण जागा भरायची तर विषयाचे पुरेसे तास आठवड्याच्या वेळापत्रकात दिसले पाहिजेत. त्याला वर्कलोड म्हणतात. कॉलेजातल्या वॉचमनलाही हा शब्द ठाऊक असतो, इतका तो आमच्या जिवावर बसलेला आहे. तास दिसले तर जागा, जागा आली तर जाहिरात, जाहिरात आली तर यमुनाला कायमची नोकरी. तिला दुसरं काही नको होतं. "एकदा जूनमध्ये कुणी माझं नाव विचारलं नाही ना, ग्लोरियाताई, तर मी गावभर गोड शिरवळ्या वाटीन," असं म्हणायची.

मग ती टाळेबंदी आली आणि सगळे फोनवरून शिकवायला लागले. काय तो तमाशा! "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?" यातच निम्मा वेळ. आमचे एक सर पाऊण तास तळमळून बोलले आणि शेवटी कळलं, की माइक बंद होता. एकाही पोराने सांगितलं नव्हतं. सगळे हसले, यमुना हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तिथे कुणी नव्हतंच." स्क्रीनवरच्या त्या काळ्या चौकोनांकडे बाकीच्यांनी हजेरी म्हणून पाहिलं. ही बाई एकेकाला फोन करत सुटली.

त्यात तिला पिंकी सापडली. नालासोपाऱ्याची पोरगी, घरात एकच फोन, तोही भावाच्या हातात. स्वतः खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात खडे चिकटवायची. तास सुरू असताना ती कामावर, आणि ती घरी यायची तेव्हा डेटा संपलेला. यमुनाने तिला विचारलं, "तुला सलग किती वेळ मिळतो गं?" पिंकी म्हणाली, "मॅडम, चाय के टाइम पाच-सहा मिनिटं मिळतात. तेवढ्यात शेठ ओरडत नाही."

दुसऱ्या दिवशी यमुना मला म्हणाली, "ताई, तास हा कुणाचा असतो? आपला की पोरांचा?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस, मी पुस्तकं मोजते." पण तिच्या डोक्यात ते बसलं. तासाचे तुकडे करायचे. एका तुकड्यात एकच गोष्ट, सहा मिनिटांच्या आत. तुकडा संपला की एक प्रश्न. चुकलं तर नुसतं 'चूक' म्हणायचं नाही, का चुकलं तेही सांगायचं. व्हिडिओ इतका हलका करायचा, की गरिबाच्या फोनवरही चालावा. आणि सगळ्यात आधी ठरवायचं, की शेवटी पोराला काय करता आलं पाहिजे. "काय करता आलं पाहिजे?" मी विचारलं. "नकाशा हातात दिला तर पाणी कुठून येईल आणि कुठे साचेल ते सांगता आलं पाहिजे. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला एवढं तरी यायला नको?" दर पावसाळ्यात आमच्याकडे निम्मं गाव गुडघाभर पाण्यात उभं राहून तोच प्रश्न विचारत असतं.

कॉलेज पुन्हा उघडलं, पण पोरं काही परत आली नाहीत. कुणी गोखिवऱ्याच्या गाळ्यात कामाला लागला, कुणी मॉलमध्ये. वर्गात पुढचे दोन बाक भरायचे, बास. नेमकं तेव्हाच परिपत्रक आलं, की काही विषय ऑनलाइन घेता येतील. प्राचार्यांनी यमुनाला बोलावलं. माणूस वाईट नाही हो, हेच तर दुःख आहे. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या तुकड्यांचा पूर्ण कोर्स करा. कोर्स चांगला झाला की प्रवेश वाढतील. प्रवेश वाढले की बघू आपण जागेचं. तुम्ही आहातच."

आनंदाने तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्याच आनंदात तिने अर्ज लिहिला, की मुलांच्या सोयीसाठी भूगोलाचे तास वेळापत्रकातून काढून ऑनलाइन घेण्यात यावेत. माझ्याच टेबलावर बसून लिहिला. मी म्हटलं, "हे तू कशाला लिहून देतेस? त्यांना हवंय तर त्यांना लिहू दे."

"विभागाकडून जावं लागतं, ताई."

"आणि विभाग कोण?"

"मीच की!" असं म्हणून ती खळखळून हसली आणि सही केली.

कोर्स वाडीत झाला. कॉलेजात एकही खोली शांत नाही, आणि घरात सासूबाई. यशोदाबाई म्हणजे भोंगा. सगळी तयारी झाली की विहिरीवरचा पंप सुरू व्हायचा. मग यमुना ओरडायची, जितेश पंप बंद करायचा आणि पुटपुटायचा, "केळी वाळली तर वाळू देत, कोर्स ओला राहिला पाहिजे." पण बंद करायचा. ती बोलेपर्यंत कमरेवर हात ठेवून पंपापाशी उभा राहायचा. मी फोन धरायची. तिला चेहरा दाखवायचा नव्हता. "माझं थोबाड बघून डोंगर कसा कळेल? हात दाखवा, वस्तू दाखवा."

नकाशावर डोंगर कसा दाखवतात हे पोरांना कधीच कळत नाही. एकात एक अशा वाकड्यातिकड्या रेषा असतात, आणि पोरं म्हणतात, कांदा कापलाय. यमुनाने मोठा सुरण आणला. अर्धा कापून पालथा ठेवला. "हा आपला तुंगारचा डोंगर." मग त्याचे सारख्या जाडीचे आडवे काप केले. एकेक काप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. मोठ्यात मधला, मधल्यात लहान. काप उचलले आणि कागदावर नकाशा उरला. जिथे सुरणाची बाजू उभी होती तिथे रेषा एकमेकींना चिकटलेल्या, जिथे सुरण पसरट होता तिथे लांब लांब. मी एवढी वर्षं भूगोलाची पुस्तकं फडताळात लावली, पण मला ते त्या दिवशी कळलं. आणि नेमक्या त्याच क्षणी मागून यशोदाबाई गरजल्या, "अगो, हाताला तेल लावलंस का? खाजवत बसशील मग!" तेल लावलं नव्हतंच. संध्याकाळपर्यंत यमुनाचे हात लालबुंद, आणि सासू चिंच चोळता चोळता तिची खरडपट्टी काढत होती.

ते वाक्य व्हिडिओत राहून गेलं, आणि पोरांना सगळ्यात जास्त तेच आवडलं. परीक्षेत एकाने लिहिलं, 'डोंगराचे काप करण्यापूर्वी हाताला तेल लावावे.' यमुनाने त्याला अर्धा मार्क जास्त दिला.

कोर्स असा चालला म्हणता, की विचारू नका. ज्या विषयाला पोरं मिळत नव्हती त्याला रांग लागली. पण तो काही आपोआप चालत नव्हता. कुणी दोन दिवस व्हिडिओ उघडला नाही, की यमुनाचा फोन जायचा. कुणाचा प्रश्न आला, की स्वयंपाक करता करता ती उत्तर लिहायची. पिंकीने तर आपल्या गल्लीचा नकाशा काढून पाठवला आणि खाली लिहिलं, 'मॅडम, हमारे यहाँ पाणी मागच्या बाजूने का शिरतं ते आत्ता कळलं, सगळे पुढची गटार साफ करत बसतात.' तो नकाशा यमुनाने मला दाखवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले, पण मी चष्मा पुसला.

प्राचार्य खूश. कॉलेज तपासायला बाहेरची समिती यायची होती, तिला दाखवायला त्यांना कोर्स हवा होता. म्हणून काही सूचना आल्या. सासूबाईंचा आवाज काढा, बरं दिसत नाही. सालाचा, सणाचा उल्लेख काढा, म्हणजे कोर्स दर वर्षी ताजा राहील. आणि व्यक्तीचं नाव नको, 'भूगोल विभाग' असं असू द्या. यमुनाने सगळं काढलं. सासूबाईंचं वाक्य काढताना जरा हळहळली, स्वतःचं नाव काढताना मुळीच नाही. मी चिडले, तर म्हणाली, "विभाग म्हणजे मीच ना, ताई."

मग जून आला. नवीन वेळापत्रक फळ्यावर लागलं. यमुना बघायला गेली आणि बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेले. ती फळ्यासमोर उभी होती, बोटाने सोमवारपासून शनिवारपर्यंत रकाने चाचपत. भूगोल कुठेच नव्हता. नसणारच! तिनेच तर अर्ज दिला होता तास काढा म्हणून. तास नाहीत तर वर्कलोड नाही, वर्कलोड नाही तर जागा नाही. आणि जागाच काय, तासिका तत्त्वावर घ्यायलाही तास उरला नव्हता. ती फक्त म्हणाली, "छपाईची चूक असेल."

मी तिला हाताला धरून प्राचार्यांकडे नेलं. त्यांनी पाणी दिलं, बसा म्हणाले.

यमुना म्हणाली, "सर, ऑनलाइनचे तास वर्कलोडमध्ये धरा ना. कोर्स तर चालूच आहे."

"मॅडम, मी विचारलं वरती. ते म्हणतात, तास म्हणजे वर्गातला तास. तुमचे तर सहा सहा मिनिटांचे तुकडे. सहा मिनिटांना तास कसं म्हणायचं? शिवाय ते आधीच झालेले आहेत. आता पुन्हा शिकवायचं काय उरलं?"

"पोरांच्या शंका असतात, सर. पेपर असतात. कुणी थांबलं तर त्याला फोन करावा लागतो."

"ते तर तुम्ही प्रेमाने करता," प्राचार्य म्हणाले.

अगदी मनापासून म्हणाले हो. त्यात टोमणा नव्हता, काही नव्हतं. मला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं. मी बोलायला लागले, जे सुचेल ते बोलले. अकरा वर्षं बोलले, रांग लागली ते बोलले, बाहेरच्या समितीने वाहवा केली ते बोलले. प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात पसरले. "ग्लोरिया मॅडम, माझ्या हातात काय आहे? सांगा, मी करतो." आणि खरंच, त्यांच्या हातात काही नव्हतं. वरच्याच्या हातात नव्हतं, त्याच्या वरच्याच्याही नव्हतं. आमच्याकडे एवढी मोठी इमारत आहे, पण कुणाच्याच हातात काही नसतं. मी भांडायला गेले होते आणि येताना ग्रंथालयाला दोन नवी कपाटं मंजूर झाल्याचं ऐकून आले. कपाळ माझं!

ग्रंथालयात आल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, "काढून टाक सगळं."

"काय?"

"व्हिडिओ. पासवर्ड अजून तुझ्याकडे आहे ना? एकेक करून काढून टाक. मग बघू, त्यांना वर्गातला तास आठवतो का ते. मग तुला बोलवायला गिरीजला येतील की नाही बघ."

मग तिने लॅपटॉप उघडला. तिच्याही मनात ते होतं, मला दिसत होतं. ओठ घट्ट मिटलेले. कोर्स उघडला, सगळ्या व्हिडिओंची यादी आली, प्रत्येकासमोर काढून टाकायचं बटण. तिने बोट नेलं आणि थांबली.

"आता काय?"

"ताई, पोरं आत आहेत."

बाजूला नावांची यादी होती. जो त्या घटकेला कोर्स उघडून बसला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो. ज्यांचा पेपर राहिला होता, त्यांची दोन दिवसांनी फेरपरीक्षा होती. पाच-सात ठिपके लागलेले. त्यात पिंकीचाही होता, आजारपणात तिचा पेपर बुडाला होता. यमुना म्हणाली, "चहाची वेळ आहे तिची. आत्ता काढला तर अर्ध्यात बंद पडेल."

"मग सहा मिनिटं थांब."

थांबलो. पिंकीचा ठिपका गेला, खाली दुसऱ्या कुणाचा लागला. तो गेला तर आणखी दोघांचे. आम्ही दोघी वेड्यासारख्या ठिपक्यांकडे बघत बसलो. एकाच वेळी सगळे जातायत असं काही होईना. शेवटी यमुनाने लॅपटॉप बंद केला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार? ओरडता येईल असं कुणी समोर नव्हतं, आणि ठिपक्यांवर ओरडून काय उपयोग!

नंतर तिने विरारपासून पालघरपर्यंत अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखतीत त्यांनी तिचे व्हिडिओ आधीच पाहिलेले होते. कौतुक केलं. जागा नाही म्हणाले, पण असा एखादा संच आम्हाला बनवून द्याल का? तिने मला हे सांगितलं तेव्हा मी हातातला चहा सांडला. ती म्हणाली, "चिडू नका, मी नाही म्हणून आले." मग ती सकाळी जितेशबरोबर भाजी तोडायला लागली. वाडीतलं काम तिला जड नव्हतं, लहानपणापासून केलेलं. पण कोर्स काही तिच्या डोक्यातून जाईना. नवीन वर्षाची पोरं आली होती, शंका विचारत होती, आणि उत्तर द्यायला कॉलेजात कुणीच नव्हतं. म्हणून हीच वाडीत बसून उत्तरं द्यायची. मी शिव्या घातल्या, "फुकट राबतेस!" तर म्हणाली, "त्यांना काय ठाऊक, ताई? त्यांना वाटतं विभाग आहे."

एक दिवस तिचं लॉगिन उघडेना. फोन केला, तर पोर्टल बघणारा मुलगा आदबीने म्हणाला, "मॅडम, सेवेत असणाऱ्यांचंच चालू राहतं. सिस्टिम आपोआप बंद करते." म्हणजे तेही कुणी केलेलं नव्हतं.

मला वाटलं, सुटली बिचारी. चार दिवस मीही काही विषय काढला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी माडांखाली झावळ्या गोळा करत होते, तर ती बांधावर बसून फोनमध्ये काहीतरी टाइप करत होती. मी विचारलं, काय चाललंय. तिने चोरी पकडल्यासारखा चेहरा केला. बाहेरच्यांनाही या कोर्सला नाव नोंदवता येत होतं. हिने विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदवलं होतं! स्वतःच्या कोर्सला! 'यमुना राऊत, नवीन विद्यार्थी.' विद्यार्थ्यांना एकमेकांच्या शंकांना उत्तर देता येतं, म्हणून.

"तुझं डोकं फिरलंय का?" मी म्हटलं.

"ताई, या विघ्नेशचं बघा ना. चार दिवस झाले विचारून. कुणी उत्तरच दिलं नाही." नालासोपाऱ्याचा कुणी विघ्नेश होता. त्याने विचारलं होतं, 'रेषा जवळ जवळ आल्या म्हणजे उतार कमी ना? जवळ म्हणजे कमी.' यमुनाने खाली सावकाश समजावलं होतं, की नाही, उलट आहे. रेषा जवळ म्हणजे थोड्याच अंतरात खूप चढ, म्हणजे उतार जास्त. जिना आठव, अरुंद पायऱ्यांचा जिना जास्त उभा असतो. छान लिहिलं होतं. मला एका दमात कळलं.

आम्ही बघत असतानाच त्याचं उत्तर आलं. यमुना पुढे सरसावली, तिचा चेहरा एकदम उजळला. तिने वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला.

'तुला कसं माहीत? तू पण आमच्यासारखीच नवीन ना. उगाच काहीपण सांगू नको यार, परीक्षेत वाट लागते. आधी मॅडमचा चौथा व्हिडिओ नीट बघ. मॅडम एकदम भारी समजावतात.'

माझा संताप संताप झाला. "थांब, मी लिहिते त्याला! सांगते त्या गाढवाला तो कुणाशी बोलतोय ते!"

यमुनाने फोन काढून घेतला. "काय सांगाल? मॅडम मीच आहे म्हणून? कशावरून?"

मी तोंड उघडलं. तिच्या नावाचं कॉलेजात काही उरलं असेल तर ते आठवायला लागले. व्हिडिओत नाव नाही, चेहरा नाही. फळ्यावर नाही, वेळापत्रकात नाही, लॉगिन नाही.

यमुना म्हणाली, "पोरगा हुशार आहे हो. कुणाचंही ऐकून विश्वास ठेवत नाही." मग तिने त्याला लिहिलं, 'सॉरी. बघते.'

लगेच पलीकडून त्याचा अंगठा आला.